शिंगूचं काळं पाकट सहा फुटी टाकीत मावेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. हॉलमध्ये सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी. ऑस्कर वगैरे मोठे मासे पाळण्याचा सात वर्षांचा अनुभव. एका विक्रेत्याकडे 'ब्लॅक डायमंड' नावाने विकल्या जाणाऱ्या, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या गोड्या पाण्यातल्या स्टिंगरेंची जोडी आहे, नाश्त्याच्या बशीएवढी. तो म्हणतो, दोन वर्षं याच टाकीत आरामात निघतील, पुढचं पुढे. पाणी बोअरचं आणि पालिकेचं मिसळून येतं. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. घ्यावी का?

या टाकीसाठी घेऊ नका. उत्तर एवढंच आहे, पण नुसतं 'नको' म्हटलं की माणूस दुसऱ्या दुकानात जाऊन 'हो' ऐकून येतो, हे एकोणीस वर्षं लोकांच्या मोठ्या टाक्या सांभाळताना शिकले आहे. म्हणून कारणं सविस्तर सांगते.

मी मूळची कोळीवाड्यातली. हा मासा पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, 'अगं बाई, पाकट!' आमच्याकडे स्टिंगरेला पाकटच म्हणतात. लहानपणी घरात पाकट आलं की आजी आधी ते नाकाशी धरायची. मुशी (लहान शार्क) असो की पाकट, शिळं झालं की त्याला एक उग्र वास सुटतो, डोळ्यांत जाणारा, सार्वजनिक मुतारीसारखा. ताज्या पाकटाचं सुकं म्हणजे सणच, पण शिळं कोणी फुकट दिलं तरी नको. तो वास अमोनियाचा. समुद्रातली पाकटं आणि मुश्या आपल्या रक्तामांसात युरिया साठवून ठेवतात, म्हणजे बाहेरच्या खाऱ्या पाण्यापुढे अंगातलं पाणी निघून जात नाही. मेल्यावर जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात.

दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतल्या पाकटांनी ही सोयच सोडून दिली आहे. त्यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातून आत आले आणि तिथेच राहिले. त्यांच्या रक्तात युरिया जवळजवळ नसतो, हे थॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवलं. मीठ बाहेर टाकणारी जी ग्रंथी समुद्रातल्या भावंडांकडे असते, ती यांच्यात आक्रसून निकामी झाली आहे. पाण्यात हळूहळू मीठ वाढवत नेलं तरी त्यांना युरिया साठवणं पुन्हा जमत नाही. बुल शार्क समुद्रातून नदीत आणि नदीतून समुद्रात जा-ये करू शकतो, यांना ते दार कायमचं बंद आहे. हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. 'पाकट आहे, थोडं मीठ टाका, बरं वाटेल त्याला' असं सांगणारे दुकानदार मला भेटले आहेत. त्यांचं ऐकू नका.

आता तुम्हाला दाखवलेली जात. तिचं शास्त्रीय नाव पोटॅमोट्रायगॉन लिओपोल्डी. कास्टेक्स आणि कास्तेयो यांनी १९७० साली ती नोंदवली आणि बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याचं नाव तिला दिलं. या राजाने १९५१ मध्ये गादी सोडली आणि पुढचं आयुष्य बरंचसं निसर्गाच्या मोहिमांत घालवलं, त्यात ब्राझीलही होतं. बाजारात हिला 'ब्लॅक डायमंड' म्हणतात किंवा नुसतं 'लिओपोल्डी'. ठिपके किती, किती गोल, कडेला किती ओळी, यावर भाव वर-खाली होतो. त्या भावाला माशाच्या तब्येतीशी काहीही देणंघेणं नाही. शेजारच्या तोकान्चिन्स-अरागुआया नद्यांतली हेनली नावाची जातही काळसर आणि ठिपकेवालीच असते. त्यात या दोघींचे आणि मोटोरो नावाच्या आणखी एका नदीतल्या पाकटाचे संकर आशियातल्या फार्मांवर इतके झाले आहेत की दुकानात उभं राहून 'ही अस्सल' असं छातीठोकपणे मी तरी सांगणार नाही.

अस्सल लिओपोल्डी जगात एकाच नदीच्या खोऱ्यात सापडते. ती नदी ब्राझीलची शिंगू, आणि तिला मिळणाऱ्या इरिरी, फ्रेस्कोसारख्या नद्या. टाकीचा विचार मी नेहमी इथून सुरू करते.

शिंगू मातो ग्रोसोच्या पठारी भागात उगम पावते, उत्तरेकडे पारा राज्यातून वाहत जाऊन ॲमेझॉनला मिळते. ॲमेझॉन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गढूळ चहासारखं पाणी येतं. शिंगू तशी नाही. ती ब्राझीलच्या फार जुन्या, कठीण खडकांवरून वाहते. त्यामुळे गाळ कमी, पाणी नितळ, हिरवट झाक असलेलं, आणि ऊन थेट तळापर्यंत पोचतं. अल्तामिरा शहराच्या खाली नदी एक प्रचंड वळण घेते, तिथले लोक त्याला व्होल्टा ग्रांदी म्हणतात, म्हणजे मोठं वळण. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या त्या पट्ट्यात नदी एका पात्रातून वाहतच नाही. काळ्या खडकांमधून ती असंख्य फाट्यांत फुटते, कुठे धबधबा, कुठे खळाळ, कुठे खडकाआड शांत डोह आणि तळाशी वाळूची पट्टी. सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याचा कातळ डोळ्यांपुढे आणा आणि तो कित्येक किलोमीटर रुंद करा. काळ्या कातळावर उन्हाचे कवडसे पडतात तेव्हा काळ्या अंगावरचे पांढरे ठिपके कसे दिसत असतील, हे वेगळं सांगायला नको.

पाणी वर्षभर कोमट, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पुढेच. आणि वर्षाला एक मोठा श्वास: एप्रिलच्या आसपास पुराच्या दिवसांत सेकंदाला सरासरी वीस हजार घनमीटर पाणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात जेमतेम हजाराच्या घरात. पुरात नदी बेटांवरच्या झाडीत शिरते, मासे फळं खायला आत जातात, ओसरताना सगळे परत पात्रात. पाकटंही पाण्याबरोबर सरकतात. रात्री उथळ पाण्यात येतात, म्हणून पकडणारे लोकही रात्रीच टॉर्च आणि हाताचं जाळं घेऊन उतरतात.

खळाळातलं पाणी म्हणजे प्राणवायूने भरलेलं पाणी. सतत वाहतं म्हणजे घाण साचत नाही. तळ मोकळा आणि विस्तीर्ण. या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढचं बहुतेक सगळं त्यांतूनच निघतं.

तळापासून सुरू करू. ऑस्करवाल्यांना टाकी लिटरमध्ये मोजायची सवय असते. पाकटासाठी ती चौरस फुटांत मोजा, उंचीला फारशी किंमत नाही. टाकीत नीट वाढलेली लिओपोल्डीची मादी पंचेचाळीस-पन्नास सेंटीमीटर रुंदीची चकती सहज होते. नर लहान राहतात. तुमच्या टाकीची आतली रुंदी काच वजा जाता एकोणसाठ-साठ सेंटीमीटर. त्यात ती वळणार कशी? वळताना कड दर वेळी काचेला घासणार, कड झिजणार, तिथे बुरशी येणार. शिवाय शेपटी वेगळीच. मी आठ फूट लांब आणि चार फूट रुंद याहून लहान टाकीत वाढलेली लिओपोल्डी ठेवायला कुणाला सांगत नाही, आणि जोडीसाठी हीसुद्धा तोकडीच म्हणेन.

मग म्हणाल, पुढे मोठी टाकी करू. करा, पण आधी दुसऱ्या मजल्याचा स्लॅब विचारात घ्या. आठ बाय चार बाय दोन फूट म्हणजे अठराशे लिटर पाणी, अठराशे किलो, काच आणि स्टँड सोडून. ते तीन चौरस मीटर जागेवर बसतं, म्हणजे चौरस मीटरला सहाशे किलो. राहत्या घराचा स्लॅब आपल्याकडच्या मानकांप्रमाणे चौरस मीटरला साधारण दोनशे किलोच्या वापराच्या भारासाठी धरलेला असतो. तुळई कुठे आहे, भिंतीलगत ठेवता येईल का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरने जागेवर येऊन पाहिल्याशिवाय मी अशी टाकी वरच्या मजल्यावर बसवत नाही. दोन गिऱ्हाइकं यावरून माझ्यावर रुसली आहेत. रुसू देत.

'दोन वर्षं निघतील' या वाक्याबद्दलही बोलते. पाकटाची वाढ पहिल्या दोन वर्षांतच सर्वांत झपाट्याने होते. त्याच काळात त्याला अडचणीत ठेवायचं आणि वाढ झाल्यावर मोठं घर द्यायचं, हा उलटा हिशेब आहे. विक्रेत्याला तो परवडतो.

तळावर काय घालायचं? अगदी बारीक, गोल कणांची नदीची वाळू, दोन-तीन सेंटीमीटरचा थर. किंवा काहीच नको, उघडी काच. बांधकामाची वाळू, क्रश, टोकदार खडी नको. पाकटाचं तोंड, नाकपुड्या आणि कल्ल्यांच्या फटी पोटाकडे असतात, ते दिवसभर त्यावरच पडून असतं. श्वासाचं पाणी मात्र डोळ्यांमागच्या दोन भोकांतून आत घेतं, म्हणून वाळूत निम्मं गाडून घेतलं तरी गुदमरत नाही. ती भोकं उघडझाप करताना दिसतात. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती पाहायची सवय लावा. लय वाढली की पाण्यात काहीतरी बिघडलं आहे, हे टेस्ट किट काढायच्या आधी कळतं.

आता पाणी. माझ्या हातून जी पाकटं गेली, ती बहुतेक पाण्यामुळेच गेली.

पाकट खातं खूप आणि घाणही तेवढीच करतं. त्या घाणीचा अमोनिया, अमोनियाचा नायट्राइट, त्याचा नायट्रेट, ही साखळी तुम्हाला ऑस्करमुळे ठाऊक आहेच. फरक सहनशक्तीचा आहे. ऑस्कर थोडाफार अमोनिया सोसतो, रुसतो, सावरतो. पाकटाच्या अंगावर खवले नाहीत, त्याची उघडी कातडी आणि कल्ले तो थेट झेलतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, दुसरा आकडा चालत नाही. त्यात तुमचं बोअरचं पाणी. पुणे-मुंबईकडचं बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि पीएच आठच्या आसपास. पाण्यातल्या अमोनियाचा काही भागच विषारी रूपात असतो, पण पीएच सातचा आठ झाला की तो भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे किटवर तोच रंग दिसतो आणि मासा मात्र दहापट विष पीत असतो. शिंगूचं पाणी मऊ, क्षार अगदी कमी, पीएच सातच्या अलीकडे-पलीकडे. फार्मवर जन्मलेली पाकटं थोडं जड पाणी चालवून घेतात हे खरं, पण बोअर आणि पालिका यांचं प्रमाण रोज बदलणारं मिश्रण कुणालाच मानवत नाही. आरओचं पाणी मिसळून एक ठरलेलं पाणी बनवायचं आणि तेच कायम ठेवायचं. आठवड्याला तिसरा हिस्सा तरी बदलायचं. अठराशे लिटरच्या टाकीचा तिसरा हिस्सा किती होतो तो हिशेब करा, आणि तुमच्या सोसायटीत पाणी दिवसातून किती वेळ येतं तेही आठवा.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी जुलैत, एका बंगल्यातल्या टाकीचं पाणी बदललं. क्लोरीन मारायला हायपोचे खडे नेहमीच्याच मापाने टाकले. पावसाळ्यात धरणातलं पाणी गढूळ येतं तेव्हा नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वाढवतात, हे मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी घाईत मी क्लोरीन तपासलं नाही. रात्री अकराला फोन आला, 'ताई, त्याच्या कडा वर वळल्यात.' पाकटाच्या चकतीच्या कडा पापडासारख्या वर वळू लागल्या की पाळणारे त्याला शेवटचं वळण म्हणतात. क्वचित मासा त्यातून परत येतो. पहाटे चारपर्यंत आम्ही साठवलेलं पाणी घालत होतो, दोन एअर पंप लावले होते. सकाळी ते गेलं. बंगल्याच्या मालकांनी एक शब्द काढला नाही, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या पिशवीत क्लोरीनची पट्टी असते आणि पाणी एक दिवस आधी ड्रममध्ये भरून, हवा सोडून ठेवलेलं असतं.

वीज हा दुसरा घात. नदीत खळाळ कधी थांबत नाही. तुमच्याकडे वीज गेली की फिल्टर थांबतो, आणि अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप आणि फिल्टरसाठी इन्व्हर्टर, हे दोन्ही मासा आणण्यापूर्वी. फिल्टर म्हणाल तर टाकीखाली मोठा संप, म्हणजे पाणी गाळणारी दुसरी टाकी. दोन कॅनिस्टरवर, म्हणजे डब्यासारख्या बंद फिल्टरांवर, पाकट सांभाळतो म्हणणारे असतात. त्यांच्याकडे दोन वर्षांनी जाऊन पाहावं.

हीटरला जाळीचं आवरण हवं, नाहीतर संपमध्येच ठेवा. पाकट गरम नळीवर जाऊन पडतं आणि भाजेपर्यंत हलत नाही. आणि तांबं असलेलं कुठलंही औषध टाकीत नको. एवढं पुरे.

खाण्याकडे येते, कारण ते बघण्यात खरी मजा आहे. लिओपोल्डीचे दात चपटे, फरशीसारखे एकमेकांना लागून बसवलेले. शिंगूत ती मुख्यतः गोगलगाई आणि असलेच कवचवाले जीव फोडून खाते. ठाण्यातल्या एका गिऱ्हाइकाकडे मी अधूनमधून तळ्यातल्या गोगलगाई नेते. आधी महिनाभर वेगळ्या बादलीत ठेवून, जंत जाऊ देऊन. एक गोगलगाय वाळूवर टाकली की पलीकडच्या कोपऱ्यातलं पाकट हलत नाही. डोळे पाठीवर, तोंड पोटाला, त्यामुळे ते तिला बघून येत नाही. वास आणि जिवंत प्राण्याच्या अंगातून निघणारी अतिसूक्ष्म वीज यांवर ते शोधतं. मग कडेला एक लहर उठते, ते वाळूला जवळजवळ चिकटून सरकत येतं आणि गोगलगाईवर परात उपडी ठेवावी तसं बसतं. कडा चहूबाजूंनी घट्ट दाबल्या जातात. मधलं अंग दोन-चारदा वर-खाली होतं. मिनिटभराने ते पुढे निघून जातं आणि मागे वाळूवर कवचाच्या कपच्या पडलेल्या असतात, आतलं सगळं साफ. दर वेळी मला आमच्या आत्याची आठवण येते, ती तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, अशाच बिनआवाज संपवायची.

रोज गोगलगाई कुठून आणणार? गांडुळं उत्तम. कोळंबी चालेल, मासळीचे तुकडे चालतील, तिसऱ्यांचं मांस चालेल, पण एकाच गोष्टीवर ठेवू नका. काही मासळी आणि शिंपल्यांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. महिनोन्‌महिने तेच कच्चं दिलं तर मासा हळूहळू खंगतो. बाजारातली कोळंबी औषधाच्या पाण्यात बुडवलेली नाही ना, हे ओळखीच्या कोळणीकडूनच कळतं. लहान पाकटाला दिवसातून दोनदा लागतं. हे खाणं, महिन्याच्या हिशेबात, माशाच्या किमतीपेक्षा जड पडतं.

आता मुलगी. पाकट अंगावर धावून येत नाही. शेपटीवरचा करवतीसारखा काटा फक्त बचावासाठी असतो. काट्यावर विषाच्या पेशी असलेली कातडी असते, काटा घुसला की ती फाटते आणि विष जखमेत उतरतं. नदीतल्या पाकटांत या विषपेशी समुद्रातल्यांपेक्षा जास्त पसरलेल्या असतात. काटा अधूनमधून गळतो आणि नवा येतो, म्हणून 'काटा काढलेलं पाकट' या जाहिरातीला अर्थ नाही. काढणं क्रूर आहे ते वेगळंच.

माझा मदतनीस एक मोटोरो हलवत होता. जाळीत काटा अडकला, तो सोडवायला त्याने जाळीखालून हात धरला आणि पाकट वळलं. तळव्याच्या बुडाशी जेमतेम सेंटीमीटरभर जखम. धडधाकट माणूस, पण दहा मिनिटांत घामाने भिजला, ओठ पांढरे. आम्ही हात गरम पाण्यात बुडवला, सोसवेल इतक्या गरम, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, आणि पाणी निवलं की पुन्हा गरम करून तासभर तिथेच ठेवला. वेदना पुष्कळ उतरली. मग दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन, काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना ते पाहणं. तरीही जखमेच्या कडा काळ्या पडल्या आणि भरायला कित्येक आठवडे लागले. एक लक्षात ठेवा: दुखावलेल्या हाताला गरम किती ते समजत नाही, म्हणून पाण्याचा अंदाज दुसऱ्या हाताने घ्यायचा, नाहीतर विषावर भाजण्याची भर. काटा खोल किंवा पोटा-छातीत घुसला असेल तर तो ओढून काढायचा नाही, तसंच रुग्णालयात न्यायचं.

शिंगूकाठचे लोक उथळ पाण्यात पाय उचलून टाकत नाहीत, घासत पुढे सरकवतात, म्हणजे पाकट आधीच बाजूला होतं. तुमची मुलगी पाच वर्षांची आहे. टाकीत हात घालू नको, हे ती किती दिवस ऐकेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. झाकणाला कुलूप लावता येतं, लोक लावतात. पण पाणी बदलायच्या दिवशी झाकण उघडंच असतं.

जोडीबद्दल थोडंसं. नर वयात आला की मादीच्या कडेला चावतो, मीलनाची ती पद्धतच आहे. अपुऱ्या जागेत मादीला पळायला वाव नसतो आणि तिच्या चकतीची चाळण होते. त्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडून पाण्यात येत नाहीत. मादी त्यांना पोटात वाढवते आणि गर्भाशयाच्या भिंतीतून पाझरणाऱ्या दुधासारख्या रसावर पोसते. जन्मतात तीही मोजकीच, हुबेहूब आईसारखी, काट्यासकट. इतकी कमी पिल्लं देणारा प्राणी नदीतून उपसत राहिलं तर भर लवकर निघत नाही.

आणि नदीचंही बरं चाललेलं नाही. त्या मोठ्या वळणावर बेलो मोन्ची धरण उभं राहिलं. क्षमता ११,२३३ मेगावॉट, पहिली जनित्रं २०१६ मध्ये सुरू झाली, शेवटचं २०१९ मध्ये. पिमेंतालच्या बंधाऱ्यापाशी नदीचं पाणी अडवून कालव्याने वीजघराकडे वळवतात, त्यामुळे वळणाच्या पात्रातलं ऐंशी टक्क्यांपर्यंत पाणी दुसरीकडे जातं. वळणाच्या पात्रात किती पाणी सोडायचं याचे जे दोन वार्षिक आराखडे धरणाच्या कंपनीने मांडले त्यांत एप्रिलचा आकडा एका वर्षी सेकंदाला चार हजार आणि दुसऱ्या वर्षी आठ हजार घनमीटर होता. वर सांगितलेले वीस हजार आठवा. पूर झाडीत चढलाच नाही तर मासे फळांपर्यंत आणि विणीच्या जागांपर्यंत पोचत नाहीत. वळणाकाठी राहणारे जुरुना लोक हे पाणी आणि मासे स्वतः मोजून नोंदवत आले आहेत. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको, ज्याच्या मागे आपले हौशी लोक वेडे असतात, तोही याच वळणाचा.

म्हणून कागदपत्रं. ब्राझीलने २०१७ मध्ये नदीतल्या या पाकटांच्या गटाला सायटीस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात घातलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत लिओपोल्डीसह सात जाती दुसऱ्या परिशिष्टात गेल्या आणि फेब्रुवारी २०२३ पासून ते लागू झालं. व्यापारावर बंदी नाही, पण परवान्याशिवाय आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्री नाही, फार्मवर जन्मलेल्यांचीही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने सायटीससाठी स्वतंत्र प्रकरण आलं आणि २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी ठरवून दिली. विक्रेत्याकडे आयातीचा परवाना, पक्कं बिल आणि नोंदणीचा कागद मागा. 'अहो, त्याची गरज नसते' असं म्हणाला तर तिथूनच परत फिरा, आणि शंका असेल तर वनविभागाकडून लेखी उत्तर घ्या.

झेपेनासं झालं तर काय, हेही आत्ताच ठरवा. परत घेतो म्हणणारे विक्रेते तेव्हा फोन उचलत नाहीत. खडकवासल्याच्या धरणात सोडून देणं हा पर्याय नाही. सिंगापूरच्या अपर सेलेटार जलाशयात कुणीतरी सोडलेल्या मोटोरो पाकटांनी संसार थाटला आहे. आपल्याकडे उजनीत घरगुती टाक्यांतले सकर मासे जाळी फाडतात, ते तुमच्याकडच्या मच्छीमारांना विचारा.

तुमच्या जागी मी असते तर त्या सहा फुटी टाकीत ऑस्करच सुखाने ठेवले असते. पाकटाची ओढ खरीच असेल तर तळमजल्याची जागा, आठ बाय चारची टाकी, संप आणि बॅटरी आधी उभी करा. मग चार-सहा महिने त्यात साधे मासे ठेवून रोज पाणी मोजा. आकडे पावसाळ्यातही हलले नाहीत तर एकच पाकट बघायला जा, नोंदणीच्या कागदासकट. जाताना ओली गांडुळं डबीत घेऊन जा आणि विक्रेत्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. नंतर शेपटीच्या बुडाशी पाहा. तिथे कातडीखालून हाडकांसारखे दोन उंचवटे वर आलेले दिसले, तर ते उपाशी आहे. किंमत कितीही उतरवली तरी ते घेऊ नका.